सात ते आठ

ता. ९ जून

भाऊजी,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

तुमचा पत्ता मला तुमच्या धुलाईयंत्रांच्या मेकॅनिककडून मिळाला. बिचारा जुनं बिल मागायला आला होता. बिल मी दिलं नाहीच, वर त्याच्याकडूनच तुमचा पत्ता काढून घेतला. म्हणाला, मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात आहेत, चादरींच्या ढिगाऱ्यात. मला हसूच आलं. स्वतःचं धुलाईचं दुकान बुडवून माणूस पळाला, तो पुन्हा धुवायलाच बसला.

तुम्ही गेलात त्या सकाळी दुकानाची किल्ली खिळ्याला होती आणि मोरीतल्या पेल्यात तुमचा ब्रश नव्हता. तेवढ्यावरून आम्ही ओळखलं. दुसऱ्या आठवड्यात पतपेढीच्या माणसाने आम्हाला समोर बसवून कागद वाचून दाखवला. घर बाबांच्या नावाचं, ते गहाण. जामीन तुमचे दादा. मी विचारलं, "ज्यांनी कर्ज घेतलं त्यांचं नाव कुठे आहे?" तर म्हणाला, "सगळ्यात वर आहे, बाई." सगळ्यात वरचा माणूस तेवढा जागेवर नव्हता.

साठ हप्ते आहेत. एकही चुकला तर घरावर नोटीस. दादांचा पगार म्हणजे पाण्याच्या मीटरचे आकडे टिपत फिरणाऱ्या माणसाचा पगार, तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातला अर्ध्याहून जास्त तिकडे जातो. उरलेल्यात चार माणसांची तोंडमिळवणी मी करते. कशी करते ते ऐका, म्हणजे तिकडे तुम्हाला जेवण गोड लागेल.

टेलिफोन काढून टाकला. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांची कनेक्शनं जोडली त्या माणसाच्या घरातला टेलिफोन. न्यायला माणूस आला तेव्हा बाबांनी स्वतः वायर गुंडाळून त्याच्या हातात दिली. पेपर बंद केला, तो दादा आता न्हाव्याच्या दुकानात उभ्या उभ्या वाचतात. न्हावी परवा म्हणाला, साहेब, कधीतरी केसही कापून घ्या. बसचा पास बंद. रोज चालत जातात आणि कामही चालण्याचंच, त्यामुळे बुटांचे तळ तीनदा बदललेत. आता मूळ बुटातलं फक्त वरचं कातडं शिल्लक आहे. संध्याकाळी सगळे एकाच खोलीत, एका दिव्याखाली बसतो. चहा बिनदुधाचा. दूध फक्त चिमणीला, ती वाढत्या वयाची आहे म्हणून. पोहण्याचा क्लास सोडवला तेव्हा तुमची लाडकी पुतणी काय म्हणाली माहीत आहे? "नाहीतरी पाणी गारच असायचं." अकरा वर्षांच्या मुलीने आपली समजूत घालावी यासारखी दुसरी लाज नाही.

मी शर्टांच्या कारखान्यातून काजं-बटणांचं काम घरी आणते. काजं मी करते. बाबा खिडकीशी टेबलावर बसून बटणं निवडतात, दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. शंभर शर्टांमागे जे मिळतं ते सांगत नाही, तुम्ही रडाल.

आणखी एक काटकसर आहे. ती लिहीत नाही. शेजारीण विचारते तेव्हाही मी विषय बदलते.

बाबांना तुमच्याबद्दल काय वाटतं ते मला विचारू नका. ते बोलत नाहीत. पण तुम्ही आलात तर ते तुम्हाला हाकलून देतील असं मला वाटत नाही, हे मी फार जड हाताने लिहिते आहे. माझ्यापुरतं विचाराल तर याल तेव्हा हात हलवत येऊ नका.

राग उतरला नाही. तरी आशीर्वाद.

वहिनी

ता. २१ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचं पाकीट उंबऱ्यावर मिळालं. रक्कम पूर्ण होती. या महिन्याच्या हप्त्यात भरली. दादांना मी सांगितलं की कारखान्याच्या मास्तरांनी आगाऊ दिले.

आत बाबांच्या नावाची चिठ्ठी होती. ती मी वाचली. "बाबा, तुम्ही मान वळवली नाहीत. बरोबरच केलंत. हे हप्त्याला घ्या. पुन्हा तोंड दाखवणार नाही." त्यावर मी काय बोलणार? बापलेकांमधली गोष्ट आहे.

बाबा ठीक आहेत. चिमणी ठीक आहे. मधे तिला जरा बरं नव्हतं. मला काजांचा गठ्ठा उद्या द्यायचा आहे, जास्त लिहीत नाही.

वहिनी

ता. १७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्याकडून दर महिन्याला पाकीट येतं, पत्र येत नाही. पैसे माझ्या नावाने कारखान्याच्या पत्त्यावर पाठवता ते बरं करता. दादांना अजून वाटतं की मी फार भरभर काजं करते. परवा शेजाऱ्यांसमोर कौतुक करत होते. मी मान खाली घालून सुई ओवत बसले.

बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "त्याचं काही आलं?" मी म्हणते, "नाही." ते ऐकून एकदा मान हलवतात, मग चिमणीच्या शाळेचं विचारतात. तुम्हाला वाटत असेल ते रागावून बसलेत. रागावलेला माणूस रोज एकच प्रश्न पहिला विचारत नाही.

हे मी तुम्हाला ऑक्टोबरातच लिहायला हवं होतं.

या पत्रात लिहायला आणखी बरंच घेऊन बसले होते. तीनदा कागद फाडला, आणि कागदही आता मोजून वापरावे लागतात. तेव्हा इतकंच. थंडीत इस्पितळाच्या धुलाईखान्यात ओल्या हातांनी उभे राहू नका, तुमची बोटं लहानपणापासून फुटतात असं बाबा सांगायचे.

वहिनी

ता. २ मे

भाऊजी,

हे पत्र बसून वाचा.

काल मी बाबांना कानाच्या यंत्रवाल्याकडे घेऊन गेले होते. त्याने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून बटणं दाबत राहिला. आवाज आला की बाबांनी हात वर करायचा. बाबा आज्ञाधारकपणे त्याच्याकडे बघत बसले होते. हात फार थोड्या वेळा वर झाला. यंत्रवाला बाहेर येऊन मला म्हणाला, "बाई, हे यंत्र वापरत नव्हते का?" मी म्हटलं, वापरत होते, रोज एक तास. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, वय आहेच, सगळा दोष त्याचा नाही. पण कानालाही न ऐकण्याची सवय लागते. शब्द ओळखायचे विसरतो. आता जे आहे ते काही महिने टिकेल, मग यंत्र असून नसून सारखंच.

ती न लिहिलेली काटकसर आता लिहिते.

बाबांच्या यंत्राला बटणाएवढा सेल लागतो, तो आठ-दहा दिवसांत संपायचा. महिन्याचे चार सेल म्हणजे चिमणीच्या दुधाचे जवळजवळ पंधरा दिवस. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मी हिशोब घालून बाबांसमोर ठेवला. आम्ही सगळे सांगतो की कल्पना बाबांची होती. ती माझी होती. बाबांनी कागद वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "बरोबर आहे सूनबाई. दिवसभर मला कोण काय सांगतंय?" आणि यंत्र कानातून काढून माझ्या हातावर ठेवलं.

तेव्हापासून संध्याकाळी सात ते आठ यंत्र कानात. सेल मग महिनाभर पुरतो. घरातलं जे काही बोलायचं ते त्या तासात बोलायचं. चिमणी दिवसभर मनात साठवून ठेवते आणि सात वाजले की धबाधबा ओतते. दादांचं माझं भांडण झालं तर ते सातच्या आत नाहीतर आठनंतर, तो तास खराब करायचा नाही असा नियम आहे. एकदा आम्ही दोघं पावणेसातला सुरू झालो, तर चिमणी घड्याळ दाखवून म्हणाली, "पंधरा मिनिटांत आटपा." शेजारचे काका आठ वाजून पाच मिनिटांनी येतात. बाबा त्यांच्या प्रत्येक वाक्याला हसून मान डोलावतात. काका सगळीकडे सांगत फिरतात की म्हातारा फार समजूतदार झालाय, कशालाही नाही म्हणत नाही.

आम्ही हसायचो भाऊजी. खरंच हसायचो. मला वाटायचं, निभतंय.

आता तुम्ही आलात तो दिवस.

त्या दिवशी सकाळी शाळेतून बोलावणं आलं. चिमणीला वर्गात चक्कर आली होती. बाईंनी विचारलं, "हिला सकाळी काय देता?" मी म्हटलं, "दूध. घरात फक्त हिलाच देतो." तर चिमणी रडायला लागली. रोज सकाळी मी पाठ फिरवली की ती आपलं दूध बाबांच्या काळ्या चहात ओतायची. बाबांना ऐकू येत नव्हतं म्हणून ती त्यांना खुणेने गप्प बसायला सांगायची, आणि बाबांना वाटायचं मीच दादांच्या नकळत त्यांच्यासाठी पाठवते.

तिला शेजारणीकडे झोपवून मी कारखान्यातून गठ्ठा घेऊन परत येत होते. जिन्याच्या वळणावर आले आणि वर तुम्ही दिसलात. जाळीचं दार बंद, आतलं दार वाऱ्यासाठी उघडं. तुम्ही जाळीला दोन्ही हात लावून उभे होतात. आत बाबा नेहमीसारखे दाराकडे पाठ करून, खिडकीशी बटणं निवडत होते. तुम्ही हाक मारलीत.

मला माहीत होतं की यंत्र फडताळात आहे. तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही घरात होतात तोवर बाबांच्या कानात ते सकाळी दात घासायच्या आधी असायचं. तुम्हाला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करताहेत.

आपल्यात सहा पायऱ्यांचं अंतर होतं. "भाऊजी" एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर चिमणी होती, शाळेच्या बाकावर पांढरीफटक पडलेली. मनात म्हटलं, उभा राहू दे जरा. कळू दे. एखादा मिनिट उभा राहील, मग मी वर जाईन, दार उघडीन, पाणी देईन आणि चांगली खरडपट्टी काढीन. असं ठरवलं होतं, याच्यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका.

तुम्ही भिंतीला कागद टेकवून काहीतरी लिहायला लागलात तेव्हाही मी हलले नाही. मग तुम्ही वळलात, आणि मी घाबरून खाली पळाले आणि पाण्याच्या पंपाच्या खोलीत शिरले. कशाला घाबरले ते अजून कळत नाही. मी काही चोरी केली नव्हती. तुम्ही त्या दारावरून गेलात. हात बाहेर काढला असता तर तुमची बाही हाताला लागली असती. तुम्ही रडत होतात. मी गठ्ठा छातीशी धरून तशीच उभी राहिले, आणि तुमच्या पावलांचा आवाज फाटकाबाहेर गेल्यावर वर जाऊन पाकीट उचललं. बाबांनी मागे वळून पाहिलं, मला हसले, आणि चार भोकांच्या बटणांचा डबा पुढे केला.

चिठ्ठी मी लपवली. पुढे रोज संध्याकाळी त्यांनी विचारलं आणि मी "नाही" म्हटलं. आधी रागाने म्हटलं. नंतर भीतीने. इतके दिवस खोटं बोलल्यावर खरं कुठून सुरू करायचं ते सुचेना. पैशाची काटकसर करता करता मी याही गोष्टीत हात आखडता घेतला, आणि यातून एक पैसाही वाचला नाही.

बाबांनी तुमच्याकडे पाठ फिरवली नव्हती. तुम्ही आलात हेच त्यांना माहीत नाही.

आता लगेच या. अजून काही महिने त्यांना आवाज ओळखता येईल. सेल मी कालपासून दिवसभर घालते. आल्यावर मला काय बोलायचं ते बोला, मी जिन्यात उभी राहून ऐकून घेईन. पण आधी आत जाऊन त्यांच्याशी बोला.

वहिनी

ता. १९ ऑगस्ट

भाऊजी,

२ मेचं पत्र जुलैत परत आलं. पोस्टमनने पाकिटावरचा शिक्का दाखवला, "या पत्त्यावर नाही." मी रोज जिन्यात पाऊल वाजलं की उठत होते, आणि पत्र कुठल्यातरी पोस्टाच्या खणात पडून होतं. कारखान्यात येणारी तुमची पाकिटंही एप्रिलनंतर आली नव्हती, तेव्हाच मला समजायला हवं होतं. पुन्हा मेकॅनिकला गाठलं. या वेळी त्याचं बिल चुकतं केलं, आणि त्याने इकडेतिकडे विचारून हा नवा पत्ता आणून दिला. आधीचं पत्र सोबत जोडलं आहे. ते आधी वाचा, मग हे.

वाचलंत?

बाबांचं ऐकणं संपलं. जूनच्या शेवटी एका संध्याकाळी चिमणी शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी हळूच यंत्र काढलं, त्यातला सेल काढून मला दिला. म्हणाले, "नवा आहे, दुकानदार परत घेतो का बघ." दुकानदाराने घेतला नाही.

आता आम्ही त्यांच्याशी कागदावर बोलतो. दादांच्या जुन्या मीटरच्या पावत्यांच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहितो, ते वाचतात आणि तोंडाने उत्तर देतात. आवाज त्यांना स्वतःला कळत नाही, म्हणून फार मोठ्याने बोलतात. सगळ्या जिन्याला आमच्या घरातलं ऐकू जातं.

परत आलेलं पत्र हातात घेऊन मी दोन आठवडे काढले. मग गेल्या रविवारी दादांना आणि चिमणीला समोर बसवून सगळं सांगितलं. दादा ऐकून उठले, सुट्टी असताना पिशवी खांद्याला लावून बाहेर पडले आणि संध्याकाळी आले. अजून माझ्याशी कामापुरतं बोलतात. चिमणी म्हणाली, "आई, काकांना हाक मारायची ना गं." तिच्या वयाला ते इतकं सोपं आहे, आणि खरं तर माझ्या वयालाही होतं.

बाबांना मात्र लिहून सांगावं लागलं. सहा पावत्या लागल्या. मी एकेक लिहून पुढे सरकवत होते आणि ते चष्मा सावरत वाचत होते. तोंडाने सांगितलं असतं तर कदाचित काही ठिकाणी आवाज खाली आणला असता, शब्द गिळले असते. लिहिताना तसं काही करता येत नाही. तुमची चिठ्ठी शेवटी दिली. ती त्यांनी दोनदा वाचली, पाटीसारखी समोर धरून.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बटणांचा डबा भरून ठेवायचे, पण हातात द्यायचे नाहीत, टेबलाच्या कडेला ठेवायचे. ते कधी रागावतील याची मी वाट बघत होते. दादांनी निदान दार आपटलं होतं.

काल दुपारी मी काजं करत असताना त्यांनी एकदम विचारलं, त्या नव्या मोठ्या आवाजात, "कसा दिसत होता?"

मी लिहिलं, बारीक झालेत. केस वाढलेत. निळा शर्ट, कोपराला फाटलेला.

"पायात काय होतं?"

आठवलं नाही. मी तसं लिहिलं. ते जरा नाराज झाले. बराच वेळ बटणं चाळत राहिले.

मग म्हणाले, "हाक कशी मारली?"

मी लिहिलं, "बाबा."

"किती वेळा?"

भाऊजी, हे मी तुम्हाला मेच्या पत्रातही लिहिलं नव्हतं, कारण ते लिहिणं मला जमलं नव्हतं. मी पावतीवर लिहिलं, तीन वेळा. पहिल्यांदा नेहमीसारखी, कामावरून घरी आल्यासारखी. दुसऱ्यांदा मोठ्याने. तिसऱ्यांदा अगदी हळू.

बाबांनी ती पावती खिडकीच्या उजेडात धरली. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचली. मी सुई खाली ठेवून त्यांच्याकडे बघत होते. शेवटच्या ओळीशी त्यांचं बोट थांबलं.

"तिसरी तशीच असणार," ते म्हणाले. "लहानपणी ताप आला की तो मला तशीच हाक मारायचा. त्याच्या आईला ऐकू यायची नाही, मलाच यायची."

मी रडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझी कीव आली असावी, कारण त्यांनी हात पुढे करून माझ्या डोक्यावर थोपटल्यासारखं केलं. म्हणाले, "तिसरी मला तेव्हा यंत्र लावूनसुद्धा ऐकू आली नसती, सूनबाई. त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस."

मग हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "पण पहिल्या दोन आल्या असत्या."

वहिनी